होडी वाळूला कशी लावावी: गोव्याच्या किनाऱ्यावर नव्याने होडी चालवणाऱ्यांसाठी

नवी होडी घेतलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा इंजिन कोणतं घ्यावं, जाळं कुठलं चांगलं, डिझेल बरं की पेट्रोल, सगळं विचारतात. परत येताना होडी वाळूला कशी लावायची हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. सोळा फुटी फायबरची होडी आणि जुनं ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला लावायचं) इंजिन घेऊन मी पेडण्याच्या किनाऱ्यावर पहिल्या हंगामात उतरलो, आणि ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तीच होडी माझ्या नडगीवर आली. हाड मोडलं. ती दिवाळी खाटेवर गेली. शेजारच्या आबांनी चाळीस वर्षं रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढलेली. ते रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसायचे आणि माझं कुठे कुठे चुकलं ते शांतपणे सांगायचे. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांचं आहे. उरलेलं मी पुढच्या हंगामांत स्वतः करून पाहिलेलं आहे.

हे सगळं अठरा फुटांपर्यंतच्या, वल्ह्याच्या किंवा छोट्या आउटबोर्डच्या, दोन-तीन माणसांच्या होडीसाठी आहे. ट्रॉलरवाल्यांना मालिम, शापोरा, कुटबणसारखी जेटी लागते, त्यांचं शास्त्र वेगळं.

१. कागद आणि सामान

कागदांचं थोडक्यात सांगतो. मासेमारीची होडी असेल तर मत्स्योद्योग खात्याकडे नोंदणी आणि मासेमारीचा परवाना लागतो. प्रवासी किंवा हौशी होडीसाठी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात जावं लागतं. नोंदणीचा दाखला, होडीचा विमा, इंजिनाचं बिल आणि होडीवरच्या प्रत्येकाचं ओळखपत्र यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीतच ठेवा, मूळ कागद घरी. नोंदणी क्रमांक होडीच्या दोन्ही बाजूंना ठळक रंगवलेला हवा. किनारी पोलीस आधी तोच बघतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कोणत्या होडीला सूट आहे हे त्या वर्षीचा आदेश वाचून ठरवा, कोणाच्या ऐकीव माहितीवर नको.

किनाऱ्याला लागताना हे सामान हाताशी लागतं:

- प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं, पट्टे आवळलेले. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट लाटेत कोणाच्या कामाला येत नाही.
- इंजिन असलं तरी दोन वल्ही. एक मोडलं तर दुसरं हवं.
- नांगर आणि त्याला किमान ४० मीटर दोर. पाणी पाच मीटर खोल असेल तर नांगर नीट धरायला पाच ते सात पट दोर सोडावा लागतो.
- नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांधलेला आठ-दहा मीटरचा जाड दोर, होडी ओढायला.
- पाणी उपसायला डबा. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापला की उत्तम काम होतं.
- धारदार सुरी, म्यानात, कमरेला.
- शिटी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि रुग्णवाहिकेचा १०८ त्यात आधीच भरून ठेवा. जास्त बाहेर जात असाल तर व्हीएचएफ रेडिओ संच घ्या. संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची असते.
- तीन-चार गोल ओंडके, किनाऱ्यावर ठेवलेले. माडाच्या खोडाचे चालतात, पण सालीवर होडी अडकते, म्हणून सोलून घ्या.

२. भरती, वारा आणि लांबून येणारी लाट

आपल्याकडे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्तीत जास्त चढतं-उतरतं; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. उधाणाला गोव्यात पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. ऐकायला हे थोडं वाटतं. पण जिथे किनारा दर तीस मीटरला एक मीटर उतरतो, तिथे दोन मीटर म्हणजे साठ मीटर वाळू. ओहोटीला होडी लावलीत तर तेवढी वाळू तुम्हाला ओढत जायचं आहे.

जुन्या माणसांचा हिशेब तिथीचा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पण हा हिशेब मुंबईकडचा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकत जाते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी पोहोचते. तेव्हा तिथीवरून अंदाज बांधा, पण निघताना मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा.

सपाट किनाऱ्यावर उतरायला सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे अर्धी भरती होऊन पाणी अजून चढत असतं ती. वाळूला टेकलात तरी पुढची लाट होडीला उचलते. ओहोटीत टेकलात तर दर लाटेगणिक होडी जड होत जाते.

वाऱ्याचं वेळापत्रक तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. मतलई वारा लाटेला समोरून धरतो, पाणी सपाट राहतं. खारा वारा पाठीमागून ढकलतो आणि लाटांवर लाटा चढवतो, फेब्रुवारी ते मे तर जोरातच. म्हणून सकाळी अकराच्या आत परत यायची सवय लावा. मी त्या दिवशी अडीचला आलो होतो.

तिसरी गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला, आकाश स्वच्छ, आणि तरीही किनाऱ्यावर मोठाल्या लाटा. या लाटा हजारो किलोमीटर दक्षिणेला, दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्मलेल्या असतात आणि आठवड्याभराने आपल्याकडे पोहोचतात. दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे मधला वेळ शांत भासतो आणि माणूस म्हणतो, आज तर काहीच नाही. केरळातले मच्छीमार याला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या सूचनेसोबत तोही रोज बघा.

३. किनारा ओळखायला शिका

लाट कुठे फुटते हे तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर लाट सव्वा मीटर पाण्यात मोडणार. यावरून दोन प्रकारचे किनारे ओळखा.

एक, सपाट. कोलवा, बाणावली, आमचं हरमल. इथे लाट लांबून फेसाळत येते, रेटते, पण वरून आदळत नाही. फुटणाऱ्या लाटांचा पट्टा मात्र रुंद असतो, त्यात जास्त वेळ काढावा लागतो.

दुसरा, उताराचा. आगोंदला जाऊन उभे राहा, म्हणजे कळेल. लाट शेवटच्या क्षणापर्यंत उभी राहते आणि काठावरच धप्पकन कोसळते. पट्टा चिंचोळा, पण मार मोठा. असा किनारा नव्या माणसाने भरतीच्या टोकाला टाळावा. तिथून दक्षिणेला थोडंच पुढे पाळोळेचा अर्धचंद्राकृती किनारा दोन्ही बाजूंनी आडोशाला आहे. थोडं इंधन जास्त गेलं तरी चालेल, शिकायला तो बरा.

पाऊस संपल्यावरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांसाठी आणखी एक सांगायचं आहे, आणि माझा पाय त्यापायीच मोडला. पावसाळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि थोडी आत, पाण्याखाली, तिचा लांब दांडा घालतात. पाऊस संपल्यावर ती वाळू हळूहळू परत काठाला येते. म्हणून गणेश चतुर्थीनंतर होड्या पाण्यात जातात तेव्हा किनाऱ्याला लाटांच्या दोन रांगा असतात: एक बाहेर दांड्यावर, दुसरी काठाला. मधल्या खळग्यात पाणी शांत. बाहेरची रांग ओलांडली की माणसाला वाटतं सुटलो, हात सैल होतो, आणि दुसरी रांग मागून येते. मे महिन्यात पाहिलेला किनारा ऑक्टोबरमध्ये तसाच असेल असं धरून चालू नका. हंगामाच्या पहिल्या दिवशी ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जा आणि दांडा कुठे आहे, कुठे तुटलाय ते डोळ्यांनी बघा.

दांडा जिथे तुटतो तिथून किनाऱ्याचं पाणी परत समुद्रात जातं. त्याला आम्ही ओढ म्हणतो. बाहेरून बघितलं तर तिथे फेस कमी, पाणी गढूळ आणि गडद. लाटा कमी म्हणून ती वाट मोहात पाडते. इंजिनवाली होडी तिथून सांभाळून येऊ शकते, पण नुसत्या वल्ह्यांवर त्या ओढीविरुद्ध येणं म्हणजे दमछाक. आणि पाण्यात पडलेला माणूस त्यात थेट बाहेर जातो. पडलात तर ओढीशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा.

नदीच्या मुखाबद्दल: "समुद्र खवळला तर सरळ खाडीत शिरू" असं बरेच जण म्हणतात. तेरेखोल, शापोरा, साळ, सगळ्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, आणि ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना आत येणारी लाट त्याला भिडली की तिथे लाट नुसती भिंत होते. मांडवीच्या मुखाचा आग्वादचा दांडा पावसात मोठ्या बार्जही टाळत आल्या आहेत. त्या कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरतात. खाडीत शिरायचंच असेल तर चढत्या भरतीला, आणि तिथल्या माणसाला वाट विचारून.

४. लाटांच्या बाहेर थांबा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या. लाटा फुटतात त्याच्या बाहेर, पन्नास-साठ मीटरवर, होडीची नाळ समुद्राकडे करून दहा मिनिटं नुसतं थांबा. घड्याळ लावून. होडी लागते की उलटते ते बहुतेक वेळा इथेच ठरलेलं असतं.

या दहा मिनिटांत लाटा मोजायच्या. त्या एकसारख्या येत नाहीत, मोठ्या लाटांचा एक थवा येतो, मग काही लहान लाटा, मग पुन्हा थवा. थव्यात किती लाटा असतात, दोन थव्यांच्या मधे किती वेळ मिळतो, हे तीनदा मोजा. तिन्ही वेळा साधारण जुळलं तरच त्यावर भरवसा ठेवा. आबांचं म्हणणं, "दर्याक पाठ दाखवची नाय." होडी किनाऱ्याकडे वळवली तरी एका माणसाचं तोंड शेवटपर्यंत समुद्राकडेच हवं, आणि त्याने मोठ्याने बोलत राहायचं: लहान, लहान, मोठी येतेय.

बाहेरून लाट नेहमी लहान दिसते. आपल्याला तिची गुळगुळीत पाठ दिसते, तोंड दिसत नाही. म्हणून पाठीकडे बघू नका. शेंड्यावरून मागे उडणारे तुषार बघा, फुटतानाचा आवाज ऐका, आणि काठावर उभ्या माणसाच्या कुठवर पाणी येतंय ते बघा. उंची मोजायची एक साधी रीत आहे. होडीत बसल्यावर तुमचे डोळे पाण्यापासून साधारण मीटरभर वर असतात. होडी दोन लाटांच्या मधल्या खळग्यात असताना समोरच्या लाटेने क्षितिज झाकलं, तर ती लाट मीटरपेक्षा मोठी.

नव्या माणसासाठी माझा नियम: काठावर उभ्या माणसाच्या कमरेच्या वर लाट फुटत असेल तर आत यायचं नाही. पाणी चढेपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबा, नाहीतर आडोशाच्या किनाऱ्याला जा. बर्फातले बांगडे आणखी दोन तास टिकतात.

थांबलेल्या वेळात काठावरची माणसंही बघा. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची. तिथे होडी कधीच आणायची नाही. लाल झेंडा असेल तर तुमच्यासाठीही तो इशाराच समजा. पर्यटक होडी बघायला, फोटो काढायला पुढे धावत येतात, त्यांना होडी किती जड आहे याची कल्पना नसते. शिटी वाजवा, हाताने बाजूला व्हायची खूण करा, आणि वाट मोकळी झाल्याशिवाय निघू नका.

५. आत शिरण्याची तयारी

थांबलेले असतानाच हे उरका, कारण एकदा लाटांत शिरलात की हात मोकळा मिळणार नाही.

जाळं, क्रेट, बर्फाची पेटी होडीच्या मधे, तळाला, बांधून. पुढे वजन असेल तर नाळ पाण्यात रुतते आणि होडी जागीच फिरते, म्हणून माणसंही थोडी मागे बसवा. सुटा दोर एकही नको, पाण्यात पडलेला दोर पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद. तळातलं पाणी उपसून टाका. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि हे वजन लाटेबरोबर एका बाजूला धावतं. किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, चालवणाऱ्याच्या मनगटाला. इंजिन खाली अडकवून ठेवणारा खटका उघडा, म्हणजे तळ लागल्यावर इंजिन स्वतःहून वर उचललं जाईल, मागची फळी फाटणार नाही.

आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही. मुठीत धरायचा, सोडता येईल असा. ओली होडी लाटेबरोबर मागे गेली की गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो. एका रापणकाराचा तीन बोटांचा हात मी पाहिला आहे.

६. आत येणं

इंजिनवर: थव्यातली शेवटची मोठी लाट होडीखालून जाऊ द्या आणि लगेच तिच्या मागे निघा. तिच्या पाठीवर राहायचं, शेंड्याच्या थोडं मागे. तिच्या वेगाने. पुढे जायचं नाही आणि मागच्या लाटेला गाठू द्यायचं नाही. सगळं कसब इतकंच, पण ते थ्रॉटलवरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या, हातात आहे. घाईने लाट ओलांडलीत तर होडी शेंड्यावरून खाली घसरते, नाळ समोरच्या पाण्यात घुसते, मागचा भाग पुढे यायला बघतो आणि होडी आडवी. मी नेमकं हेच केलं होतं. होडी काठाशी काटकोनात ठेवा. जरा फिरतेय असं वाटलं की लगेच सरळ करा, नंतर सरळ होत नाही.

वल्ह्यांवर: लाटा लहान असतील तर याच पद्धतीने, जोरात वल्हवत. लाटा मोठ्या असतील तर उलटं या. नाळ समुद्राकडेच ठेवायची आणि मागे मागे किनाऱ्याकडे सरकायचं. मोठी लाट आली की चार हात जोरात पुढे, तिच्या अंगावर जायचं, ती खालून गेली की पुन्हा मागे. वेळ लागतो, पण वल्हवणाऱ्याला लाट समोर दिसत राहते आणि होडीचा निमुळता भाग लाटेकडे असतो. मला ही पद्धत सगळ्यात विश्वासाची वाटते, आणि शिकणाऱ्याने पहिल्यांदा हीच शिकावी.

दोन माणसं असतील तर नांगराची मदत घ्या. लाटांच्या बाहेर नांगर टाका, दोर नाळेवरून सोडत सोडत मागे या. दोर ताणलेला असेपर्यंत होडी आडवी होत नाही. दोर पुरेल एवढ्या अंतरावरच नांगर टाकला पाहिजे, मधेच संपला तर नेमके लाटांत लटकाल. उद्या बाहेर पडताना तोच दोर ओढून निघता येतं, हा वरचा फायदा.

कयाक असेल आणि ती आडवी झालीच, तर अंग लाटेच्या बाजूला झुकवा, किनाऱ्याच्या बाजूला नाही.

७. उतरणं

पाणी मांडीइतकं उरलं की इंजिन बंद करून वर उचला. उशीर केलात तर वाळू थंडाव्याच्या पाण्याबरोबर आत खेचली जाते आणि पंप खराब होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होडी आणि किनारा यांच्या मधे कोणीही, कधीही, उभं राहायचं नाही. नाळेवरून पुढे उडी मारून होडी ओढायला धावणं अगदी साहजिक वाटतं. मी तेच केलं. होडी आडवी झाली, मी किनाऱ्याच्या बाजूला उतरून तिला धरायला गेलो, पाणी गुडघ्याइतकंच होतं. पुढची लाट काही मोठी नव्हती. तिने होडी उचलली आणि माझ्यावर ठेवली. अडीचशे किलोची होडी, आत अर्धं पाणी. गुडघाभर पाण्यात बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, पाय वाळूत रुतलेले असतात.

म्हणून होडी सरळ असताना बाजूने, मधल्या भागापासून थोडं पुढे, कडेला हात धरून खाली उतरा, उडी नको. तळ किती खोल ते आधी वल्ह्याने चाचपा. एक माणूस डावीकडून, एक उजवीकडून, दोघांनी कड धरायची. लाट आली की ती होडीला पुढे नेते, तेव्हा तुम्ही फक्त दिशा द्या. लाट परतताना होडी धरून ठेवा.

पाण्यात पाय उचलून टाकू नका, तळावरून घासत चाला. उथळ वाळूत पाकट नावाची चपटी मासळी पुरून बसलेली असते. पाय घासला की ती निघून जाते, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि तडक दवाखाना गाठा.

८. होडी आडवी पडलीच तर

होडीत असाल तर सगळ्यांनी वजन समुद्राच्या बाजूला टाका, ज्या बाजूने लाट येतेय तिकडे. घाबरून माणूस उलट बाजूला सरकतो आणि होडी पालथी होते.

पाण्यात असाल तर होडीच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. तिथून होडी तुमच्यापासून लांब जाते. लाटांच्या पट्ट्यात ती वाचवायला जाऊ नका, सोडून द्या, ती काठाला येतेच. पट्ट्याच्या बाहेर उलटली तर मात्र होडी सोडायची नाही, तिला धरून राहा. बाहेरून माणसाचं डोकं दिसत नाही, पालथी होडी दिसते.

होडी काठावर आडवी अडकली आणि भरली, तर आधी पाणी उपसा, मग नाळ समुद्राकडे फिरवा, मग हलवा. वेळ दवडू नका. परतणारं पाणी होडीखालची वाळू खणत राहतं आणि होडी बसत जाते. २००० च्या जूनमध्ये कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस जहाज असंच वाळूत बसलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथून हललं नाही. त्या काळात शेजारच्या किनाऱ्याची वाळू कशी खचली ते अनेकांनी पाहिलंय. सोळा फुटी होडीला रुतायला अर्धा तास पुरतो.

९. वर ओढणं

आधी होडी रिकामी करा. इंजिन, टाकी, पेटी, जाळं, सगळं बाहेर. लोक आळस करतात आणि मग पाठ धरतात. मागचं बूच काढून पाणी जाऊ द्या. नाळेखाली पहिला ओंडका सारा, दोन माणसं दोराला, दोन कडेला, आणि लाट मागून उचलते त्या क्षणीच ओढा. मधल्या वेळात जोर लावून उपयोग नाही. मागचा ओंडका मोकळा झाला की पुढे आणायचा. ओंडका आणणाऱ्याने होडीच्या मागे उभं राहायचं नाही.

कुठवर ओढायची? वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची, दुर्दैवाने प्लास्टिकचीही एक रेघ असते. ती गेल्या भरतीची. उधाण जवळ येत असेल तर पुढची भरती तिच्या वर जाणार. त्याहून भरवशाची खूण म्हणजे मर्यादवेल, जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची. नावातच आहे, समुद्राची मर्यादा ती दाखवते. होडी तिच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला ठेवा. वेलीवरून, वाळूच्या टेकड्यांवरून ओढू नका. ती वेल वाळू धरून ठेवते, ती गेली की टेकडी जाते आणि मागचे माड उघडे पडतात. शिवाय किनारी नियमांनी या टेकड्यांना संरक्षण आहे.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खात्याचं कुंपण दिसलं तर होडी, ओंडके आणि दिवे लांब ठेवा. रात्री वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा ताजा माग दिसला तर त्यावरून होडी नेऊ नका, खात्याच्या माणसाला कळवा.

नाळेचा दोर माडाला बांधता आला तर बरं. नाहीतर नांगर हातभर खड्डा करून वाळूत पुरा, वर ओली वाळू दाबून.

१०. घरी जाण्याआधी

इंजिनाला गोडं पाणी पाजा. पिंपात उभं करून दहा मिनिटं चालवा, बाजूच्या भोकातून पाण्याची धार नीट बाहेर येतेय ना ते बघा. धार बारीक असेल तर वाळू अडकली आहे, बारीक तारेने तिथल्या तिथे मोकळी करा. फायबरच्या तळावर हात फिरवा, ओरखडा खोल असेल तर पुढच्या फेरीआधी भरून घ्या.

बूच परत लावू नका. पावसाची सर आली तर पाणी वाहून जायला वाट हवी. पण ते खिशात किंवा घरीही नेऊ नका. मी माझं बूच लाल दोरीने इंजिनाच्या मुठीला बांधतो. दुसऱ्या दिवशी मूठ हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि मूठ धरली की बूच हाताला लागतं.